की मग

मंजुषा देवरे यांच्या हातात छडी कुणी कधी पाहिली नाही, आणि त्यांचा आवाज चढलेलाही फारसा कुणी ऐकला नाही. नाशिकमध्ये गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, एका शाळेत त्या मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवतात. त्यांचा वर्ग कोणता हे नव्या शिपायालाही विचारावं लागत नाही. शनिवारी सकाळी बाकीच्या वर्गांतून कवायतीचे आकडे नाहीतर कविता ऐकू येत असतात आणि त्यांच्या एका वर्गातून भांडण ऐकू येत असतं. त्या भांडणाला मंजुषाताई 'सभा' म्हणतात. परसबागेत काय लावायचं, सहल कुठे न्यायची, खिडकीजवळ या महिन्यात कुणी बसायचं, सगळं सभेत ठरतं. बोलायचं असेल त्यानं उभं राहून बोलायचं, दुसऱ्याचं मध्ये तोडायचं नाही आणि शेवटी हात वर करायचे.

या सभेचं मूळ नामपुरात होतं. मंजुषाताईंचे वडील तिथे कांद्याच्या मार्केटात मापाडी होते. घर मायेचं, पण मुलीला काही विचारायची त्या घराला सवय नव्हती. शाळा कुठली, शिकणं कुठवर, लग्न कधी आणि कुणाशी, हे सगळं बाहेर ओट्यावर ठरायचं. आतून मंजुषानं काही म्हटलंच तर आई, नवसाबाई, भाकरी थापता थापता म्हणायची, "त्यामा तुले काय इचारानं शे?" तिच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

लग्न होऊन नाशिकला आल्यावर नवऱ्याच्या पाठिंब्यानं त्यांनी बी.एड. केलं. तिथे शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन तत्त्वज्ञावर एक प्रकरण होतं. इतरांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. मंजुषाताईंना मात्र ते वाचताना आपल्यासाठीच कुणी लिहिल्यासारखं वाटलं. लोकशाही काही फक्त मतपेटीत राहत नाही, माणसं रोज एकमेकांबरोबर कशी वागतात त्यात ती असते, असं त्या माणसाचं म्हणणं. शाळा हा लहानसा समाजच आहे, मोठेपणी जसं जगावं असं वाटतं तसं तिथे आजच जगायला मिळालं पाहिजे. आणि माणसाच्या वाढीला अमुक ठिकाणी पोचायचं आहे असं काही नसतं. वाढीतून पुढची वाढ व्हावी, एवढंच. मंजुषाताईंनी तेव्हाच ठरवलं, आपल्या हाताखालून जाणाऱ्या पोराला 'तुला काय विचारायचं' असं कुणी म्हणायचं नाही. आपण विचारायचं.

आणि त्यांनी विचारलं. कितीतरी वर्षं, कितीतरी पोरांना. पालकसभेतही त्या हेच सांगत. "घरातसुद्धा मुलांना विचारत जा. आणि विचारलंत, तर उत्तर मानायची तयारी ठेवा. नाहीतर विचारू नका." पालक माना डोलवत. त्यातले काहीजण ते खरंच मनावर घेत.

यंदा जानेवारीच्या अखेरीस एका जुन्या बॅचनं त्यांना जेवायला बोलावलं. मुलं आता विशीत आली होती. रोहित एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला लागला होता, संजना बँकेच्या परीक्षा देत होती, धनराजनं पंचवटीत मोबाईलचं दुकान टाकलं होतं. दिंडोरी रोडला कुणाच्या तरी मळ्यात चूल मांडली होती. मंजुषाताई पोचल्या तेव्हा कांदा चिरून झाला होता आणि पुढचं ठरत नव्हतं.

"अरे, असे बसलात काय?" त्या म्हणाल्या. "पिठलं-भाकरी करायची, की मग शेवभाजी?"

"शेवभाजी," सगळे एका सुरात म्हणाले, आणि लगेच एकच हशा उसळला. कुणीतरी जमिनीवर लोळायचंच बाकी राहिलं.

"एवढं हसण्यासारखं काय आहे शेवभाजीत?"

"मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो," रोहित म्हणाला.

"तुझ्यावर रागावून आजवर काय उपयोग झालाय?"

रोहितनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. बॅचचा ग्रुप होता. वर नाव होतं, 'की मग'.

"तुम्हाला जे हवं असायचं ना मॅडम, ते तुम्ही नेहमी दुसरं सांगायच्या. आणि त्याच्या आधी 'मग' लावायच्या. 'पांडवलेणी, की मग रामशेज?' झालं, चला रामशेज. नुसतं 'की' आलं तर समजायचं, मॅडमना काहीही चालेल, खुशाल भांडा. 'की मग' आलं की हात वर."

"आम्हाला हे वरच्या वर्गातल्या ताईनं सांगितलेलं," संजना म्हणाली. "आम्ही खालच्यांना सांगितलं. नवीन पोरगं वर्गात आलं की पहिल्या शनिवारच्या आत त्याला सांगायचं, असा नियमच होता."

"मी तर यात मॉनिटर होता होता राहिलो," धनराज म्हणाला. "'वर्गप्रमुख धनराज, की मग संजना?' मी स्वतःच संजनाला हात वर केला की."

पुन्हा हशा झाला. मंजुषाताईही हसल्या. हसताना त्यांना ती शनिवारची सकाळ दिसत होती. मागच्या बाकावरच्या अबोल संजनाला अख्ख्या वर्गानं निवडलं होतं, प्रतिस्पर्ध्यानंसुद्धा. केवढा अभिमान वाटला होता. नंतर एका शिक्षक-प्रशिक्षणात त्यांनी तो प्रसंग व्यासपीठावरून सांगितला होता.

शेवभाजी झाली, जेवणं झाली. नळावर हात धुताना शेजारी निकिता विधाते उभी होती. मखमलाबादच्या माळी घरातली मुलगी. शाळेत असताना तिच्या दप्तराला कायम झेंडूचा वास यायचा. ती मघाशी हसली नव्हती हे मंजुषाताईंच्या लक्षात आलं होतं.

"तुला नाही का गं हसू आलं?"

"आलं थोडं." ती हात पुसत राहिली. "मॅडम, मी अजून तसंच करते."

"कसं?"

"दुसरं सांगते." मग ती पाण्याकडे बघत बोलली. "बारावी झाल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकटीला बसवून नीट विचारलं. म्हणाले, 'पुढं शिकायचं, का मंग घरचं बघायचं?' मला वाटलं, दादांना घरचं हवंय. मी म्हटलं, घरचं बघते."

"आणि दादा काय म्हणाले?"

"काहीच नाही. उठून मळ्यात गेले. मला वाटलं, बरोबर आलं उत्तर."

नळ चालूच होता. मंजुषाताईंनी तो बंद केला. "आणि तुला स्वतःला काय हवं होतं?"

अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न पेपरात आल्यावर मुली बघतात तसं निकितानं त्यांच्याकडे बघितलं. "ते आता आठवत नाही."

निघताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. दिंडोरीहून स्थळ आलं होतं. मुलाचं नाव प्रफुल्ल, घरची द्राक्षबाग, माणसं चांगली. काढणीची घाई आहे म्हणून त्यांनी थोडे दिवस दिले होते. येत्या गुरुवारी दादा तिला विचारणार होते आणि तिच्या शब्दावर होकार किंवा नकार जाणार होता.

"मग तू काय सांगणार आहेस?"

"ते कसं विचारतात त्यावर आहे," निकिता म्हणाली. ती हे थट्टेनं म्हणाली नव्हती.

पुढचे दोन दिवस मंजुषाताईंनी वर्गात जेमतेम शिकवलं. सभेतला एकेक निर्णय आठवायचा आणि त्यात आपला 'मग' शोधायचा, हा त्यांना चाळाच लागला. तो सापडायचाही. सहलीत सापडला, नाटकात सापडला, परसबागेच्या मेथीत सापडला. पोरांना फसवायचा हेतू त्यांच्या मनात कधीच नव्हता. आपल्याला काय आवडेल ते त्या जिभेवर जपून, शेवटी, गोड करून ठेवत, एवढंच. आई तरी तोंडावर सांगत होती की तुला विचारायचं नाही. आपण विचारलं, आणि हातात उत्तरही ठेवलं. यातलं वाईट कोणतं, हे त्यांना ठरवता येईना. त्या तत्त्वज्ञाचं एक म्हणणं त्यांनी बी.एड.ला असताना नुसतं वाचून सोडलं होतं. मूल विचार करायला लागतं ते खऱ्या अडचणीत सापडल्यावर, आणि अडचण खरी असेल तर तिचं उत्तर गुरुजींच्या खिशात नसतं. हात मोजायच्या नादात तेवढं राहून गेलं होतं.

बुधवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि रिक्षानं मखमलाबादला गेल्या. वाटेत निकिताशी काय बोलायचं ते त्या मनात जुळवत होत्या. 'लग्नाची घाई करायची, की मग...' त्या वाक्यापाशी त्या थबकल्या. पुन्हा जुळवलं, पुन्हा तिथेच आलं. तिनं हे स्थळ नाकारावं, कॉलेजात नाव घालावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि का वाटत होतं हेही रिक्षा मळ्याच्या बांधापाशी थांबेपर्यंत त्यांना कळलं होतं. ती पुढे शिकली, तर त्यांना स्वतःला रात्री झोप लागणार होती.

मळ्यात शेवंतीची शेवटची तोडणी चालली होती. निकिताचे वडील जीवन विधाते आणि आजी कुसाबाई ओळीत वाकून फुलं खुडत होते. निकिता धाकट्या भावाबरोबर, राजबरोबर, गणेशवाडीच्या फुलबाजारात माल देऊन यायची होती.

"या मॅडम, या. फोन तरी करायचा, रस्त्यावर घ्यायला आलो असतो."

कुसाबाईंनी कपाळावर हात धरून बघितलं. "ह्याच का त्या, लोकशाहीवाल्या बाई?"

"आई," जीवनरावांनी दटावलं.

"वाईट काय बोलले? ह्याच्या डोक्यात भरलं तुमी, पोरीला इचार म्हणून. बारा महिने इचारत बसतो. कालवण काय करू इथपासून."

मंजुषाताई बांधावर बसल्या. चहा नको म्हणाल्या आणि सरळ सांगायला सुरुवात केली. शनिवारची सभा, 'की मग', पोरांनी एकमेकांना दिलेली खूण, आणि नळावर निकिता जे बोलली ते. सांगताना त्यांनी स्वतःची बाजू कुठे सावरली नाही. जीवनराव हातातलं फूल फिरवत ऐकत होते.

"मला तिनं शिकायलाच पाहिजे होतं," ते म्हणाले. "म्हणून तर शिकायचं पहिलं म्हटलं. महत्त्वाचं आधी म्हणतो ना माणूस? आन् तिनं 'घरचं' म्हटल्यावर माझ्या काळजात असं झालं... पण तुम्ही सांगितलेलं, उत्तर मानायची तयारी ठेवा. भावकीत सगळे मला येडा म्हणत होते, पोरगी हुशार हाय, फुलं काय इकायला लावतो. मी म्हणलं, नाय, तिनं तिच्या तोंडानं सांगितलंय."

"चूक माझी आहे, जीवनराव."

"म्हणजे मी तुमच्या शिकवणीनं विचारलं, आन् तिनं तुमच्या शिकवणीनं उत्तर दिलं."

"हो."

"मंग त्यात आम्ही दोघं बापलेक कुठं होतो?"

मंजुषाताईंच्या साडीच्या काठाला शेवंतीची पानं चिकटली होती, ती त्या एकेक करून काढत राहिल्या. कुसाबाईंनी पाटी उचलून बांधावर आणून ठेवली आणि तिथेच टेकल्या.

"आमच्या वेळंला बरं होतं," त्या म्हणाल्या. "कुणी इचारतच नव्हतं, म्हणून उत्तर चुकायचं भ्या नव्हतं. मला ह्या घरात दिली तवा मी बोरं येचीत होते. बोरं खाली टाक म्हणले, टाकली."

जीवनराव एकदम हसले. "मॅडम, उद्या मग मी विचारू कसं? पहिलं काय म्हणू, दुसरं काय म्हणू?"

"मला माहीत नाही," मंजुषाताई म्हणाल्या. हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघायला जड असतं. "मी दोन दिवस तेच जुळवतेय. कसंही विचारलं तरी ती आपलं तोंड बघून सांगेल."

तेवढ्यात रस्त्यावर छोटा हत्ती टेंपो येऊन थांबला. निकिता उतरली. राजनं गाडी वळवून शेडकडे नेली. मॅडमना बांधावर बघून निकिताच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मागून शंका आली. रिकामी क्रेट खाली ठेवून ती उभी राहिली.

उद्यापर्यंत थांबणं जीवनरावांना आता शक्य नव्हतं. ते उठले, हात पँटलाच पुसले आणि म्हणाले, "निकिता, दिंडोरीवाल्यांना काय कळवू?"

एवढंच म्हणाले. पुढे काही नाही.

निकिता वाट बघत राहिली. तिच्या दृष्टीनं प्रश्न पुरा झालेला नव्हता. तिनं वडिलांकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मग मॅडमकडे बघितलं. वर्गात हात वर करायच्या आधीची ती नजर मंजुषाताईंनी हजारदा पाहिली असेल, आणि आपल्या मुली किती एकाग्र आहेत असं म्हणून त्या सुखावल्या असतील. आता त्यांनी मान खाली घातली आणि पाटीतल्या फुलांत बोटं घातली. आपल्या डोळ्यांत काय आहे ते तिला दिसू नये एवढंच त्यांना आत्ता करता येत होतं.

विहिरीवरची मोटार चालू होती तेवढाच आवाज. वर्गात इतकी शांतता त्यांनी कधी टिकू दिली नव्हती. पोर अडखळलं की त्या लगेच मदतीला धावत. जीवनरावांनी "का..." एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचं त्यांनीच मिटलं.

"मला माहीत नाही, दादा," निकिता म्हणाली.

"म्हणजे नको म्हणतेस?"

"नाही. हो पण नाही. खरंच माहीत नाही. मुलगा वाईट नाही. पण मला काय पाहिजे ते मी कधी बघितलंच नाही, तर सांगू कशी?" ती थांबली नाही. "शाळेत बघावं लागलं नाही. इथंपण तुम्ही विचारायच्या आधीच मी तुमचं बघायची. मला थोडे दिवस द्या. आणि तोवर मला कुणी काही विचारू नका. मॅडम, तुम्हीपण."

"बरं," मंजुषाताई म्हणाल्या.

"आन् त्यांना काय सांगू मी?" जीवनराव म्हणाले. "ते उत्तराला थांबलेत."

"हेच सांगा. मुलीला अजून कळलेलं नाही म्हणा."

"असं कुणी कळवतं व्हय?" कुसाबाई म्हणाल्या. "ते म्हणतील, पोरगी अर्धवट हाय. दुसरीकडं बघतील."

"बघू देत, आजी."

जीवनरावांनी मोबाईल काढला, थोडं लांब, मोटारीच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांचं बोलणं इकडे तुटक ऐकू येत होतं. "नाय, नकार नाय... तसं नाय हो... पोरीला जरा वेळ पाहिजे... किती ते नाय सांगता येत." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. परत आले तेव्हा ते घामाघूम झाले होते. "ते म्हणाले, बघतो," एवढंच त्यांनी सांगितलं. 'बघतो' म्हणजे काय, हे चौघांनाही कळत होतं. चांगलं स्थळ होतं ते.

मंजुषाताईंना वाटलं होतं, सांगून टाकल्यावर मन हलकं होईल. तसं झालं नाही. निकिता भेटली म्हणून निकिताचं कळलं. बाकीच्यांचं काय? कुठल्या कुठल्या घरांत, ऑफिसांत, सासरी त्यांची पोरं बसली असतील आणि समोरच्याच्या बोलण्यातला 'मग' शोधून त्याला हवं ते उत्तर देत असतील. समोरचा खूश, पोरंही खूश. आणि त्यांना वाटत असेल, हे आपण ठरवलं. त्या सगळ्यांच्या बांधावर जाऊन कुठे बसणार?

त्या निघाल्या तेव्हा निकिता पिशवी घेऊन मागून आली. रस्त्याच्या कडेला पाटीत दोन रंगांची शेवंती ओतून ठेवली होती.

"रिकाम्या हातानं नका जाऊ. पिवळी देऊ, की म..." ती मध्येच थांबली. तो शब्द तिनं गिळलेला स्पष्ट दिसला. "पिवळी देऊ की पांढरी?"

तिला कुठली द्यायची असेल, याचा अंदाज मंजुषाताई तिच्या चेहऱ्यावरून घेऊ लागल्या. आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानात येताच त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी फुलांकडे बघितलं. आपल्याला यातलं काय आवडतं? त्यांना खरोखर सांगता येईना. नामपूरच्या घरात असला प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता, आणि शाळेत त्या इतरांनाच विचारत आल्या होत्या.

"थांब हं," त्या म्हणाल्या. "जरा बघू दे."

निकिता पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिली. मागे रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं हातानंच त्याला थांबायची खूण केली आणि मॅडमकडे न बघता, मळ्याकडे तोंड करून, ती वाट बघत राहिली.